टाकी कॉकमधून गळत नव्हती, ताई

ताई, टाकी कॉकमधून गळत नव्हती.

हे आधी सांगून टाकते. तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि अशा वेळी माणसं जे लिहितात ते मला जमत नाही. तू कुठं जन्मलीस, फॅक्टरीत किती वर्षं काढलीस, हे सगळं दादानं पेपरात दिलेल्या चौकटीत आलंय. फोटोही बरा आहे, तुझ्या मानानं. पण अख्खा हिवाळा आपण दोघी ज्या गोष्टीवरून भांडलो ती त्या चौकटीत नाही, आणि ते भांडण अर्धं टाकून तू निघून गेलीस. अर्धं टाकलेलं मला चालत नाही. तुलाही चालत नव्हतं.

तेराव्याच्या दिवशी रांझीच्या आपल्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या खोलीत स्टुलावर तुझा फोटो, पुढं दिवा. पंक्ती बसल्या तेव्हा सदर बाजारच्या काकूंनी नाकाला पदर लावला आणि विचारलं, सिलिंडर तर नाही ना गळून राहिलं? मी म्हटलं, पेट्रोल आहे. तू ज्या जागी गाडी लावली होतीस तिथंच ती उभी होती, ओसरीत, दाराला लागून. टाकीखाली फरशीवर ओला डाग पसरला होता. दादानं आधी दिवा विझवला, मग सगळ्यांसमोर सांगितलं की ही गाडी आता या घरात राहणार नाही. सिहोऱ्याचा एक जण जुन्या मोटारसायकली घेतो, इंजिन काढून सामान वाहायच्या ठेल्यांना लावतो. त्याच्याशी बोलणं झालंय, तो येऊन घेऊन जाईल.

दिवा विझवला ते त्यानं बरोबरच केलं. मी रसायनशास्त्र शिकवते, पेट्रोलची वाफ जमिनीला धरून किती लांब सरकते हे मला कोणी सांगायला नको. पण गाडीचं नाव निघालं आणि पंक्तीतल्या बायांना जणू परवानगीच मिळाली. बिचारी, त्या म्हणाल्या. लग्न नाही, मूल नाही, जीव लावायला ती फटफटी तेवढी होती. कोणी म्हणालं, त्या वयात कशाला चालवायची. कोणी म्हणालं, एकटीच्या आयुष्याला काहीतरी आधार लागतो ना. मी वरणाचं भांडं हातात घेऊन उभी होते. तुला टाकून बोलणारी, तुझ्यावर हसणारी, तुझ्यामुळं आपल्या मुलींना धाकात ठेवणारी माणसं मी जन्मभर पाहिली. त्यांचा मला कधी एवढा राग आला नव्हता. त्या दिवशी सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते आणि तुला पुसून टाकत होते.

मला आठवत होती ती तू वेगळीच होतीस. सदरच्या छावणीतून बदली होऊन चाललेल्या एका फौजी साहेबाकडून तू ती गाडी घेतलीस तेव्हा मी कॉलेजात होते. बाबांनी गाडी अंगणात येऊ दिली नाही. तू ती शेजारच्या शुक्लाजींच्या फाटकात लावलीस, घरात आलीस आणि रोजच्यासारखी पोळ्या लाटायला बसलीस. बाबा बोलत राहिले. तू पोळीला तेल लावत राहिलीस. शेवटी बाबा दमले आणि पाणी मागितलं, तर उठून पाणी दिलंस आणि म्हणालीस, "उद्यापासून नलूला कॉलेजात मी सोडीन. बसचे पैसे वाचतील." दुसऱ्या दिवशी मी तुझ्या मागं बसले. सदरच्या बाजारातून जाताना दुकानांच्या पायऱ्यांवरची माणसं उभी राहून पाहत होती. मी लाजेनं डोकं खाली घातलं, तर तू आरशातून पाहून म्हणालीस, मान वर कर, नाहीतर गाडीचा तोल जातो. तसा काही तोल जात नाही हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

ती बिचारी होती का, ताई? फॅक्टरीत लेथवर आठ-आठ तास उभी राहणारी, पुरुषांच्या सायकल स्टँडवर स्वतःची मोटारसायकल लावणारी? आमचे हे गेले आणि मी दोन बॅगा घेऊन तुझ्या दारात आले, तेव्हा एक प्रश्न न विचारता कपाटाचा अर्धा भाग रिकामा करून देणारी?

आपलं भांडण तसं साधं होतं. दिवाळी झाली आणि ओसरीत वास यायला लागला. थेंब पडायचा तो बरोबर टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकच्या टोकावरून, म्हणून तू कॉकवर खापर फोडलंस. वॉशर बदललास. पुन्हा गळालं. कॉक उघडून आतली रबरी चकती बदललीस. पुन्हा गळालं. मी म्हटलं, थेंब जिथं पडतो तिथंच भोक असतं असं नाही, टाकी बघ. तू म्हणालीस, "काहून? फळ्यावर पेट्रोल जाळणाऱ्यांनी मला टाकी शिकवायची? कॉकच गळून राहिला आहे." मग मीही चिडून बोलले की टाकीच सडली असेल तर ही गाडी काढून टाक, घरात दोन बायका राहतात, मला जळून मरायचं नाही.

त्या दिवसापासून तू माझ्यासमोर गाडीला हात लावला नाहीस. मी शाळेत गेले की काय करायचीस कोण जाणे. मला विचारलं की एकच उत्तर, नवा कॉक आणते रविवारी. आणि मग एका बुधवारी सकाळी चहाचा कप ठेवून म्हणालीस, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याची मंडळी गेल्यावर मी दादाला सांगितलं की गाडी विकायची नाही. तो खुर्च्या एकात एक घालत होता. वाईट माणूस नाही तो, ताई, तुला माहीत आहे. ग्वारीघाटावर अस्थी सोडताना त्याला पाण्यातून धरून बाहेर आणावं लागलं. त्यानं विचारलं, ठेवून काय करणार? मी म्हटलं, दुरुस्त करीन, चालवीन. त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली.

"ताई गेली," तो म्हणाला. "आता तूही जाणार आहेस का? मी किती जणांना पोहोचवू, नलू?"

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. म्हटलं, ताई गाडीवरून पडून गेलेली नाही, घरात चहा पिताना गेली. उद्या काय चहाही बंद करायचा? त्यानं खुर्ची पुन्हा उचलली. सिहोऱ्याच्या माणसाला पुढच्या रविवारी बोलावतो एवढं म्हणाला आणि निघून गेला. म्हणजे एक आठवडा मिळाला.

मी रजा टाकली. सकाळच्या उजेडात गाडी ढकलत अंगणात आणली, स्वयंपाकघरातला गॅस बंद केला, आणि नळी लावून टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं. मग तुझ्या पेटीतले पाने घेऊन टाकीचा मागचा बोल्ट खोलला. गंजानं धरला होता, सोडेना. मी त्याला शिव्या दिल्या, तू द्यायचीस त्याच. मागून उचलून स्वतःकडे ओढली तशी टाकी निघाली. वाटली होती त्याहून हलकी होती.

टाकीला पोटाखाली मधोमध एक खोल पन्हळ असते, तिनं ती गाडीच्या सांगाड्याच्या नळीवर खोगिरासारखी बसते. गाडीवर असताना ती पन्हळ दिसतच नाही. वर्षानुवर्षांची माती आणि तेल तिथं घट्ट बसलं होतं. साबणाच्या पाण्यानं घासत घासत मी पुढच्या टोकाशी आले आणि हाताला काहीतरी उंचवट्यासारखं लागलं. पुट्टी होती. दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळून लावायची तीच, बाथरूमचा नळ गळायला लागला की तू लावायचीस ती. लाडवाएवढा गोळा चेपून बसवला होता आणि वर अंगठ्याचा ठसा होता. उजव्या अंगठ्याचा, मधे आडवी रेघ. लेथवर कापलं होतं तिथली.

मी अंगणात खालीच बसले.

तुला माहीत होतं. भोक टाकीला आहे हे तुला माहीत होतं, तू ते बुजवायचा प्रयत्नही केला होतास, आणि रोज माझ्यासमोर कॉकचं नाव घेत होतीस. मी जिंकले होते आणि तू मला कळू दिलं नाहीस. पहिल्यांदा हसू आलं. मग ते हसू राहिलं नाही.

काहून नाही सांगितलंस, याचा मी पुष्कळ विचार केला. टाकी सडली असेल तर गाडी काढ, असं मी म्हटलं होतं. कॉक सडला तर कॉक बदलायचा असतो, टाकी सडली तर नलू म्हणते गाडी जाणार. म्हणून तू कॉकला धरून बसलीस. माझ्या त्या बोलण्याची मी माफी मागणार नाही, ताई. बोलले ते खरं होतं, पेट्रोल पुट्टीला कधी ना कधी खाणारच होतं, आणि एखाद्या दिव्यापाशी काय झालं असतं ते तूही जाणत होतीस. फक्त एकदा म्हणायचं होतंस की नलू, भोक आहे आणि मला गाडी सोडायची नाही. एवढंच म्हणायचं होतंस. मी तुझ्या बाजूनं उभी राहिले असते. बाबांसमोर राहिले नव्हते, या वेळी राहिले असते.

तरी मी तपासून पाहायची सोडली नाही. नुसत्या पुट्टीवरून निकाल द्यायला मी काही तेराव्याला जेवायला आलेली बाई नाही. शाळेतल्या खडूंचा चुरा पाण्यात कालवला, टाकीच्या सगळ्या पोटाला त्याचा लेप दिला आणि वाळू दिला. कॉकलाही दिला. पांढरीफेक टाकी दोन विटांवर ठेवली, खाली आरसा ठेवला, डब्यातलं पेट्रोल परत ओतलं आणि बसून राहिले. खडूला पेट्रोल लागलं की तो भाग काळसर दिसतो. बराच वेळ काही नाही. मग पुट्टीच्या कडेला एक ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली. रेघ पन्हळीतून उतरली, पत्र्याच्या जोडाला धरून मागं मागं गेली आणि कॉकपाशी येऊन थांबली. तिथं थेंब धरला आणि पडला. कॉकच्या आतला, नळीच्या तोंडाचा खडू कोरडाच होता.

थेंब तू म्हणतेस तिथंच पडत होता. भोक मी म्हणते तिथं होतं.

रांझीच्या दोन गॅरेजवाल्यांनी हात लावला नाही. एक म्हणाला, नवीन टाकी शोधा, दुसरा म्हणाला, दीदी, इसमें आग लग जाएगी. तेव्हा मी तिवारीजींकडे गेले. हो, तेच तिवारीजी, तुमच्याच फॅक्टरीत वेल्डर होते ते. तुझी गाडी पुरुषांच्या स्टँडवर उभी राहते म्हणून ज्यांनी फोरमनकडे तक्रार केली होती, आणि ज्यांच्याशी तू रिटायर होईपर्यंत रोज 'नमस्ते' एवढंच बोललीस. आता ते घरामागच्या शेडमध्ये लोकांची फाटकं आणि कूलरचे स्टँड करून देतात. टाकी पाहताच ओळखली.

ते काम करतील असं मला वाटलं नव्हतं, पण केलं. आधी टाकी साबणाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवून घेतली, मग दोन दिवस झाकण उघडं ठेवून उन्हात टाकली. मी सांगितलं की रिकाम्या टाकीला ज्योत लावायची नाही, आत वाफ उरली असेल तर भरलेल्या टाकीपेक्षा ती वाईट. ते म्हणाले, मॅडम, मी अजून जिवंत आहे तो यामुळंच. टाकी उलटी केली, झाकण घट्ट बसवलं, कॉकच्या भोकातून पाणी भरलं, गळक्या भोकाखाली बोटभर जागा कोरडी सोडली आणि कॉकचं तोंड वाफ जायला उघडं ठेवलं. मग त्यांनी छिन्नी उचलली. पुट्टी काढल्याशिवाय जोडाचं वितळवलेलं पितळ पत्र्याला धरणार नव्हतं.

मी त्यांच्या हातातून छिन्नी घेतली. ती पुट्टी मीच काढली, ताई. ठशासकट तुकडे झाले. एकही तुकडा पदराला बांधला नाही. तुझ्या अंगठ्याची आठवण मला आहे, तिच्यासाठी गळकी टाकी ठेवायची गरज नाही.

खालचा पत्रा कागदासारखा पातळ झाला होता. तिथला रबराचा तुकडा कधीच झिजून गेला होता आणि टाकी गाडीच्या नळीवर घासत राहिली होती. तिवारीजींनी पातळ भाग कापला, पत्र्याचं ठिगळ घातलं आणि पितळेनं कडा भरत गेले. मी पाण्याची बादली घेऊन बाजूला उभी. सुबक काम होतं. गार झाल्यावर मी विचारलंच, की तक्रार काहून केली होती तेव्हा?

त्यांनी चष्मा पुसला. "गलत नहीं की थी," ते म्हणाले. "स्टैंड मर्दों का था। मैं तो आज भी यही कहूँगा।" मग म्हणाले, "लेकिन गाड़ी वो सीधी खड़ी करती थी। बाकी सब टेढ़ी लगाते थे।"

मला वाटलं होतं, माणूस वय झाल्यावर नरमतो. हा नाही नरमला. तरी मला ते पंक्तीतल्या सगळ्या गोडव्यापेक्षा बरं वाटलं. निदान ते तुझ्याशीच भांडत होते, तुझ्या फोटोशी नाही.

टाकी पुन्हा खडूनं रंगवली, पेट्रोल भरलं, सकाळपर्यंत ठेवली. पांढरी ती पांढरीच राहिली. नवी रबरं घालून मी ती गाडीवर चढवली. आता चालवायचा प्रश्न होता. माझी सगळी हयात बिनगिअरच्या स्कूटीवर गेली. तू मला शिकवतेस का, असं मी कधी विचारलं नाही. शिकतेस का, असं तू कधी म्हणाली नाहीस. वर्षानुवर्षं मी तुझ्या मागं बसून तुझ्या डाव्या पायाकडे पाहत राहिले, गिअर पडताना घोटा कसा वळतो ते. तुला ते जाणवत नव्हतं असं मी मानत नाही.

शनिवारी सकाळी फॅक्टरीच्या क्वार्टर्सच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर मी गाडी नेली. सुरू होई, झटका देई आणि बंद पडे. पुन्हा. पुन्हा. एकदा तर मी गाडीसकट कडेच्या कण्हेरीत गेले. उठून पाहते तर दादा उभा. घरी मी सापडले नाही म्हणून शोधत आला होता. आता हा ओरडेल, असं वाटलं. त्यानं आधी वाकून टाकीखाली हात फिरवला, बोटांचा वास घेतला. मग म्हणाला, "क्लच एकदम सोडून राहिली तू. हळू सोड. गाडी हलायला लागली की तिथंच धर."

मी विचारलं, तुला काय माहीत, तू तर जन्मभर स्कूटरच चालवलीस. तेव्हा त्यानं सांगितलं. तू शिकवली होतीस त्याला. याच रस्त्यावर. त्याला नोकरी लागायच्या आधी, सकाळी सकाळी. बाबांना सांगू नको म्हणाली होतीस. एकदा त्यानं पाडली, त्याचा गुडघा फुटला, आणि घरी येऊन तू सांगितलंस की क्रिकेट खेळताना पडला.

मला राग आला, ताई. त्याला शिकवलीस आणि मला नाही. मला मागं बसवलंस, मान वर कर म्हणालीस, पण हँडल कधी हातात दिलं नाहीस. मी लहान होते म्हणून? मी घाबरट वाटले तुला? की आपल्या दोघींत एवढी एक गोष्ट तुझ्याजवळच राहावी असं वाटलं? उत्तर देणारी तू एकटीच होतीस. हा राग मी सोडणार नाही. प्रेमाबरोबर तोही राहील, जागा आहे भरपूर.

दादा मागं धावत होता, कॅरिअर धरून, सायकल शिकवतात तसा, त्या वयात. धाप लागलेली, तरी हळू, हळू, असं ओरडत होता. आणि मग त्याचा आवाज लांब गेला. मी दुसरा गिअर टाकला होता. वळून आले तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसून डोळे पुसत होता. घाम आहे म्हणाला. तिथंच बसून त्यानं सिहोऱ्याला फोन लावला आणि सांगितलं की घरचे लोक द्यायला तयार नाहीत. घरचे लोक म्हणजे मी. मला आवडलं ते.

काल मी एकटीच गाडी घेऊन पेट्रोल पंपावर गेले. रांग होती. पंपावरच्या माणसानं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा गाडीकडे.

"ये तो ताईजी की गाड़ी है," तो म्हणाला. "वो नहीं आईं?"

मी सांगितलं की नहीं आएँगी. तो नळी हातात धरून तसाच उभा राहिला. बिचारी हा शब्द त्याच्या तोंडून निघायच्या आत मी झाकण उघडलं.

"फुल करो," मी म्हटलं.

त्यानं काठोकाठ भरली. मी टाकीखाली हात घातला. कोरडा. किक मारली, लागली नाही. पुन्हा मारली. मागं हॉर्न सुरू झाले, कोणीतरी म्हणालं, आंटी, हटा लो, धक्का दे दें क्या? मी मागं पाहिलं नाही. साडी खोचली, सगळा जोर पायात आणला आणि किक मारली.